रेड रॉक्सच्या खुल्या रॉक मैफलीला सर्व कुटुंबाने जावे का?

प्रश्न: आम्ही डेन्व्हरला राहतो. ऑगस्टमध्ये जवळच्या रेड रॉक्स या खुल्या रंगमंचावर जुन्या रॉक संगीताचा कार्यक्रम आहे. पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी यांना नेणे योग्य ठरेल का?

उत्तर: अवश्य न्यावे. १९६४ साली बीटल्स जिथे गायले, ती तांबड्या खडकांमधली जागा नुसती पाहण्यासारखीही आहे. मात्र ती सुमारे ६,४०० फूट उंचीवर असून वाहनतळापासून बराच चढ आणि पुष्कळ पायऱ्या असल्यामुळे, ज्येष्ठांना आधी काही दिवस इथल्या विरळ हवेची सवय होऊ द्यावी. पावसासाठी रेनकोटच न्यावेत. छत्रीमुळे मागच्यांना काहीच दिसत नाही.

दुसरे उत्तर: मुलीच्या कानांचा विचार आधी करावा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे कानांना सुरक्षित असते असे मानले, तर दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होत जाऊन १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात, आणि हे गणितही प्रौढ कामगारांसाठी मांडलेले आहे. कापसाचे बोळे पुरत नाहीत. मुलांच्या मापाचे, कान झाकून आवाज अडवणारे इअरमफ घ्यावेत.

प्रश्नकर्ती: सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

पहिले उत्तरदाते: मग पहिल्या किंवा सत्तराव्या रांगेची चौकशी करावी, चालण्यास त्रास असलेल्यांची सोय तिथे असते.