मदत हवी आहे: आजीवर पुस्तिका करतोय, तिच्या वहीतली नावं छापावीत का?

नमस्कार मंडळी, आजीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. घरातल्या सगळ्यांच्या आठवणी गोळा करून एक छोटी पुस्तिका करायचं ठरलंय आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय, कारण "तुला टायपिंग येतं". आतापर्यंत अकरा जणांनी लिहून पाठवलं. अकराही जणांची आजी प्रेमळ, कष्टाळू आणि दुसऱ्यासाठी झिजणारी. खोटं काहीच नाही, पण वाचल्यावर आजी डोळ्यासमोर येत नाही हो, कुणाचीही आजी वाटते.

माझी आजी म्हणजे व्हॉइस नोट पाठवताना आधी "हे लाल झालं का गं?" विचारणार, मग मधेच बोट सुटणार आणि चार सेकंदात नोट संपणार, की परत दुसरी. आणि शेवटी "बरं, ठेवते". व्हॉइस नोटमध्ये!! माझ्याकडे अशा साठेक आहेत, अजून एकही परत ऐकलेली नाही.

आता मुख्य प्रश्न. कपाट आवरताना तिची एक वही सापडली. तारीख, नाव, रक्कम, सगळं पेन्सिलीने. कुणाची फी, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं भाडं, घरात कुणाला पत्ता नाही. बऱ्याच ओळींवर काट मारून पुढे "पोचले" लिहिलंय. बाबा म्हणाले, बघ, लोकांनी परत केले. आत्याला विचारलं तर म्हणे कसले परत करतायत. आजी गेली तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईंनी आपणहून सांगितलं, की नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेले तर त्यांनी वहीच उघडून दाखवली, "अगं इथे पोचले लिहिलंय, दोनदा घेऊ का तुझ्याकडून?"

हे छापायचा मोह होतोय. पण बाकीची माणसं आजूबाजूलाच आहेत, त्यातले दोघं तर नात्यातलेच. काका म्हणतो वहीच्या पानांचे फोटो तसेच टाकू. मला नाही पटत.

दुसरं म्हणजे आई काही लिहायलाच तयार नाही. खूप मागे लागले तेव्हा म्हणाली, "देणाऱ्या त्या, काटकसर माझ्या वाट्याला. ते छापणार आहेस का?" यावर मी गप्प.

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही निघत नाहीयेत. त्याचंही कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
फोटो ओढू नकोस, फाटतील. आधी पानासकट स्कॅन करून घे, छापायचे तर स्कॅनचं रिझोल्युशन ६०० डीपीआय ठेव. मग दात साफ करायचा धागा, तो बिनमेणाचा, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकव. नाहीच सुटला तर राहू दे, स्कॅन झालाय ना. वहीपण रंगीतच स्कॅन कर, काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल उडते. व्हॉइस नोट्स आजच कॉम्प्युटरवर घे, ओपस नावाच्या ऑडिओ फाइल असतात, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. आणि आजीचा फोन कुणाकडे आहे? व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट बंद करतं, फोनमधलं तसंच राहतं पण ॲप काढलं की गेलं. कुणीतरी "साफ" करायच्या आत ताब्यात घे.

प्रतिसाद २
नावं अजिबात नको. तिने स्वतः कधी सांगितलं नाही, तिच्यामागे तुम्ही कोण सांगणारे? त्या बाईंना विचारून त्यांचा किस्सा घ्या, तेवढा एक पुरे आहे. काकांना म्हणावं, तुमचं नाव असतं तर चाललं असतं का?

प्रतिसाद ३
आईचं छापा. बाकी अकरा नसले तरी चालेल. आणि लोकांना "आजीबद्दल लिहा" सांगू नका, सगळे निबंधच लिहितात. ती कशावरून चिडायची, तिच्या हातात नेहमी काय असायचं, तुम्हाला शेवटचं काय म्हणाली, असं एकेक विचारा. फोनवर बोलतं करा आणि रेकॉर्ड करून घ्या, परवानगी घेऊन.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. फोन आत्याच्या मुलाकडे होता आणि तो खरंच रीसेट करून विकायला निघाला होता, कालच जाऊन आणला. नावं नाही टाकत. काकाला प्रतिसाद २ मधला प्रश्न जसाच्या तसा विचारला, तर बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पान अठरा बघ. बघितलं. त्याचंच नाव, पुढे "पोचले".

आई लिहिते म्हणाली, पण एक शब्द बदलायचा नाही या अटीवर. दोन पानं झालीत, अजून दाखवत नाहीये.

धाग्याने तीन फोटो सुटले, चौथ्याचा कोपरा गेला. मागे चिकटलेला गोंद राहिलाय तो कसा काढायचा, की तसाच ठेवू?