मज्जातंतू पोहोचण्याआधीच हृदय धडधडते. मग त्यांच्या वाढीने काय बदलते?

प्रश्न:
मानवी गर्भाचे हृदय साधारण २२व्या दिवसाच्या सुमारास आकुंचन पावू लागते आणि तेव्हा त्यात एकही मज्जातंतू पोहोचलेला नसतो. विद्युत्-संकेत हृदयपेशी स्वतःच निर्माण करत असतील, तर नंतर येणारे तंतू केवळ ठोक्यांचा वेग बदलतात, की पेशींचे विद्युत्-गुणधर्मही बदलतात?

उत्तर १:
दोन्ही गोष्टी घडतात. वेगाचा भाग परिचित आहे: प्रौढ हृदयाच्या साइनस नोडचा (ठोक्यांची सुरुवात करणाऱ्या पेशीसमूहाचा) स्वतःचा वेग मिनिटाला सुमारे १०० असतो आणि विश्रांतीत तो ६० ते ८० दिसतो, तो मेंदूकडून येणाऱ्या वेगस मज्जातंतूच्या सततच्या लगामामुळे. प्रत्यारोपित हृदयाचे तंतू तोडलेले असल्याने त्याचे ठोके विश्रांतीतही बरेच जलद राहतात.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नवजात उंदरांच्या निलयपेशी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या पेशी) अनुकंपी, म्हणजे ठोके वाढवणाऱ्या, चेतापेशींसोबत वाढवल्या, तर त्यांच्यातील कॅल्शियम-प्रवाह वाढतो. शिवाय अल्फा-१ ग्राही (अनुकंपी तंतूंचा रासायनिक संदेश पकडणारी पेशीवरील प्रथिने) उत्तेजित केल्यावर एकट्या वाढवलेल्या पेशींचा वेग वाढतो, तर तंतूंच्या सहवासातील पेशींचा कमी होतो. म्हणजे त्याच उत्तेजनाला दिला जाणारा प्रतिसादच उलटतो.

उत्तर २:
यात तंतूंच्या मांडणीचा मुद्दा जोडायला हवा. हृदयातील रक्तवाहिन्यांच्या भित्तिका ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हा तंतू वाढवणारा घटक स्रवून अनुकंपी तंतूंना ओढून घेतात, तर आतल्या अस्तरालगत तयार होणारे ‘सेमाफोरिन ३ए’ हे प्रथिन त्यांना दूर ठेवते. त्यामुळे निलयाच्या भिंतीत तंतू बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ राहतात. सेमाफोरिन ३ए नसलेल्या उंदरांमध्ये हा दाट-विरळ फरक नाहीसा होऊन ठोके मंदावले, आणि ते हृदयात अतिप्रमाणात तयार करणाऱ्या उंदरांमध्ये तंतू घटून निलयाची लय धोकादायकरीत्या बिघडली. दोन्ही गटांत अचानक मृत्यू आढळले.

प्रश्नकर्ता:
मग हृदयविकाराच्या झटक्यानंतरही हेच लागू होते का?

उत्तर २:
बऱ्याच अंशी. मृत स्नायूतील तंतू नष्ट होतात आणि व्रणाच्या कडेला नवे तंतू बेसुमार फुटतात, त्यामुळे शेजारशेजारच्या भागांना नॉरएपिनेफ्रिन (अनुकंपी तंतू सोडतात ते रसायन) विषम प्रमाणात मिळते. प्रत्येक ठोक्यानंतर एक भाग विद्युत्-दृष्ट्या पूर्वस्थितीला लवकर येतो, दुसरा उशिरा. या तफावतीतून विद्युत्-संकेत त्याच वाटेने पुन्हा फिरू लागण्याची आणि लय बिघडण्याची शक्यता वाढते.