सिझर झालंय, सासूबाई शेगडी घेऊन आल्यात, शेक-धुरी घेऊ का?

मऊभात_तूप:
सिझर होऊन आज 12 दिवस झाले. साताऱ्याहून सासूबाई आल्यात बाळंतपण करायला, मायेने करतात हो सगळं, पण येताना लोखंडी शेगडी, कोळसे आणि ओवा-वावडिंग-बाळंतशेपाची पुरचुंडी घेऊनच आल्या आणि आता म्हणतात मालिश, आंघोळ झाली की बाजेखाली शेगडी ठेवून शेक घ्यायचाच, नाहीतर पुढे कंबर धरते. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, खिडक्या बंद कारण वारा लागेल. वर बाळंतकाढा, दशमूलारिष्ट, आणि पाणी मोजून, का तर पोट सुटतं! डॉक्टर म्हणाल्या विचारल्याशिवाय काही घेऊ नका. कुणाचं ऐकू? झोप नाहीये, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

दोन_पोरांची_आई:
अगं शेगडी आधी बाहेर काढ बाई. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि बाळंतिणीला वाटतं जागरणाने होतंय. माझं पहिल्या वेळी अस्संच झालं, तीन दिवस डोकं ठणकत होतं, भावाने येऊन दारं-खिडक्या उघडल्या तेव्हा कळलं. आणि शेजारी बाळ पण तीच हवा घेतं ना. आजीच्या घरी कौलांतून धूर जायचा, तुझ्याकडे कुठून जाणार? शेक हवाच तर कमरेला गरम पाण्याची पिशवी, टाक्यांवर नको, तिथे बधीर असतं, भाजलेलं कळत नाही.

काढेवाली_वैद्य:
मी बीएएमएस आहे, पण इथे औषध लिहून देणार नाही. चरकसंहितेत सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, भूक लागली की तिला झेपेल एवढा स्नेह (तूप-तेल), मग पातळ पेज, पोटाला तेल-तूप लावून कापड गुंडाळणं असं आहे, म्हणजे भूक आणि ताकद बघून. आता सिझरनंतर पोटाला हात नको, पट्टा डॉक्टरांना विचारून. पाठ, हात-पाय हलक्या हाताने चालेल, पण एकच पोटरी सुजून दुखत असेल तर अजिबात चोळू नका, गुठळी असू शकते, सरळ दवाखाना. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा ताप आला तरी तेच. अरिष्ट आंबवून करतात, त्यात मद्यार्क असतोच, अंगावर पाजताना स्वतःहून सुरू करू नये. आणि पाणी?? तहान लागेल तेवढं प्या, कोमट प्या सासूबाईंच्या समाधानासाठी. लोहाच्या गोळ्या काढ्यासाठी बंद करू नका.

अळीव_लाडू:
सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरच सांगतील, तू वाईट होत नाहीस 😄 त्यांना स्वयंपाकघर द्या, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर भाजलेली बाळंतशेप, मेथीची भाजी, सगळं करू देत. फक्त बाळाला मध-गुटी चाटवू देऊ नकोस, मध तर वर्षाच्या आत नाहीच.

मऊभात_तूप:
अपडेट: गेलो तिघं. डॉक्टरांनी मालिशचं कौतुक केलं, त्यावर सासूबाई इतक्या खूश की शेगडीचं 'नाही' मुकाट ऐकलं. रात्री गॅलरीत त्याच शेगडीवर वांगी भाजली, मला मात्र वांगं वातूळ म्हणून भरीत दिलं नाही 😑