डचांचा न्याय म्हणे लोकांच्या दारात!

गावपळण:
परवा इथे एका मित्रवर्यांनी ठोकून दिलं की कोर्टकचेऱ्यांची पीडा इंग्रजांची, त्याआधी लंकेत डचांनी लोकांच्या दारात न्याय नेला होता. दाखला काय, तर गॉलचं लांडराद, म्हणजे जमिनीच्या तंट्यांचं डच कोर्ट. अहो, त्या लांडरादात बसायचं कोण? डच कंपनीचे अधिकारी आणि मुदलियार. मुदलियार म्हणजे आपले देशमुख-सरदेसाईच समजा, ज्यांचे स्वतःचेच हात जमिनींत गुंतलेले. फिर्यादी सिंहलीत बोलणार, दुभाषा सांगणार, कारकून डचमध्ये उतरवणार. आज्याच्या ताडपत्रासमोर थोंबोतली, म्हणजे डचांच्या जमीन-नोंदवहीतली, नोंद उभी राहिली की पारडं कुठे झुकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वर दालचिनी अंगणात उगवली तरी कंपनीची. तोडलीत तर कायद्यात देहदंड! दारात नेलेला न्याय हा असा.

दर्यावर्दी:
तो मित्रवर्य मीच. नाव घेतलं असतं तर जीभ झडली नसती. जमीन एकाची, नारळ लावले दुसऱ्याने, आता झाडं कुणाची किती, असल्या तंट्यांसाठी साधी माणसं आपल्या पायांनी तिथे जात होती. विश्वास नसता तर गेली असती? आणि जाफन्याचं सोयीस्कर विसरलात. १७०७ मध्ये क्लास इसाक्स या डच अधिकाऱ्याने तिथल्या तमिळांचे रीतिरिवाज लिहून काढले, ते तमिळमध्ये करून १२ मुदलियारांना दाखवले, त्यांची संमती घेतली. तेच तेसवलमै जाफन्यात आजही चालतं. इंग्रजांना सुचलं होतं असं काही?

गावपळण:
सुचलं होतं. एल्फिन्स्टनने दख्खनच्या जातींच्या रूढी स्टील नावाच्या साहेबाकडून गोळा करून घेतल्या, १८२७ साली छापूनही झाल्या. आणि माणसं तलाठ्याकडेही आपल्या पायांनीच जातात. तो विश्वास असतो होय?

आक्काबाई:
बारा मुदलियारांना विचारलं. बाराही बाप्येच. त्या तेसवलमैत गुलामांवर कलमं आहेत, कोवियार, पळ्ळर, नळवर या जातींची माणसं कुणाच्या मालकीची ते. त्यांची संमती कुणी घेतली? आणि आज चालतं म्हणून मिरवताय, तर हेही सांगा की तिथे लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावची जमीन विकायला नवऱ्याची लेखी संमती लागते.

आपल्याकडे तरी काय वेगळं? बाबांच्या तेराव्याची पानं उचलली नव्हती, तोच भाऊ कागद घेऊन आला. "ताई, इथे सही कर, माणूस खोळंबलाय." हक्कसोड! खरकटा हात तसाच, पेन पुढे केलेलं. मी नाही केली सही. सहा वर्षं झाली, माहेरच्या गणपतीचा निरोप येत नाही.

सातबारा_पीडित:
ताई, राग मानू नका, पण बहिणींनी सह्या अडवल्या की काय होतं ते आमच्या परसात येऊन बघा. एक फणस, वाटेकरी १४. तीन मुंबईत, एक दुबईत, दोघांचा पत्ता नाही. गेल्या वर्षी फांदी न्हाणीघरावर आली, तोडायला कुणाची परवानगी घ्यायची यावर दोन बैठका झाल्या. पावसाने तोडली शेवटी, कौलांसकट.

आक्काबाई:
म्हणजे कौलं फुटली बहिणींमुळे! त्या १४ मध्ये बहिणी किती हो?

सातबारा_पीडित:
दोन.

आक्काबाई:
आणि दुबईवाला?

सातबारा_पीडित:
चुलतभाऊ. बरं, राहिलं.

दर्यावर्दी:
फणस कोकणातच फळू द्या, धागा लांडरादचा आहे. सामाईकाची भानगड डचांनी आणलेली नाही. इंग्रजी अमदानीत गॉलच्याच कोर्टात दहा माडांच्या २५२०व्या हिश्श्यासाठी दावा चालला होता. दहा माडांच्या! डचांनी निदान कुणाची जमीन, किती झाडं, याची नोंद तरी केली.

गावपळण:
केली ना, आणि वारस कोण हे ठरवायला शाळेच्या थोंबोत, म्हणजे शाळेतल्या नोंदवहीत, बाप्तिस्मा नि लग्न नोंदलेलं लागायचं. म्हणून कित्येकांनी कागदापुरतं ख्रिस्ती होणं पत्करलं. घरात बुद्ध, दप्तरात येशू. ही तुमची नोंद. पुस्तकं वाचून डचांचे पोवाडे गाणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या कचेरीत दिवसभर उभं राहून बघावं.

दर्यावर्दी:
उभा राहिलोय. अकरा वर्षं, वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून. मला शिकवू नका.

गावपळण:
...बरं. वेलांटीपुरतं मागे घेतो. मुदलियारांपुरतं नाही.

दर्यावर्दी:
मोठे उपकार. मुदलियार न्यायाधीश आणि जमीनदार दोन्ही होते हे मलाही खुपतं, पण तुमच्यासारखं ओरडून सांगत नाही.

सातबारा_पीडित:
वेंगुर्ल्याला डचांनी वखार घातली, कोर्ट नाही घातलं, हे एक बरं झालं. नाहीतर आमच्या फणसाची तारीख अजून पडत असती.

आक्काबाई:
फांदीचं लाकूड कुणी नेलं?

सातबारा_पीडित:
त्यावरच तिसरी बैठक आहे.