मदत हवी आहे: फिरत्या शिफ्टमध्ये एनपीटीईएलचा कोर्स नेटाने कसा पूर्ण करावा?

तीनपाळी
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते: फर्स्ट ७ ते ३, सेकंड ३ ते ११, थर्ड ११ ते ७. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तपासणीचे रिपोर्ट एक्सेलमध्ये हाताने जुळवावे लागतात, ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने व्हावेत म्हणून एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) १२ आठवड्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स घ्यायचा आहे. क्लास नाही, अभ्यास झाला का असं विचारणारं कोणी नाही. फर्स्ट शिफ्टला अभ्यास होतो. थर्ड आली की घडी विस्कटते आणि पुन्हा बसायला मन घेत नाही. "रोज पहाटे ५ ला उठा" हा सल्ला मला लागू पडत नाही. शिस्त बसवायची कशी? प्रमाणपत्रही हवं आहे.

भीमथडी
आधी हिशोब करू. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३० तासांची व्याख्यानं असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. प्रोग्रामिंगमध्ये व्हिडिओ थांबवून कोड स्वतः टाइप करावा लागतो, त्यामुळे ते पाच तास धरा. असाइनमेंटला एक-दीड तास. आठवड्याला साडेसहा तास निघत असतील तरच कोर्स घ्या. नाहीतर आधी ४ किंवा ८ आठवड्यांचा घ्या.

आता वेळ. एकच वेळ रोज पाळायचा हट्ट सोडा, तीन शिफ्टच्या तीन वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा:

फर्स्ट: घरी येऊन जेवण, अर्धा तास आडवं पडणं, मग ५ ते ६. रात्री जेवणानंतर नको. पहाटे उठलेला माणूस नवाला पेंगतोच.
सेकंड: सकाळी ९:३० ते ११. हा तुमचा सगळ्यात चांगला आठवडा, अवघड भाग इथे घ्या.
थर्ड: झोप काढून उठल्यावर संध्याकाळी ५ नंतर अर्धा तास. सकाळी कामावरून येऊन अजिबात बसू नका. तुम्ही रात्रभर जागे असता. डोळे व्हिडिओवर राहतात, पण डोक्यात काही उतरत नाही. वर झोपही मोडते, आणि दुसऱ्या दिवसाचंही नुकसान होतं.

वेळेला एखादी खूण जोडा: "चहाचा कप खाली ठेवला की लॅपटॉप उघडायचा." कधी आणि कुठे हे आधी नेमून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात हे सविस्तर मांडलं आहे. थकलेल्या माणसाला "आज बसू की नको" हा प्रश्नच पडू देऊ नये.

नीराकाठ
भीमथडी यांच्याशी सहमत. गुणांचा भाग मी सांगते, कारण थर्ड शिफ्टवरचा उपाय तिथेच आहे.

अंतिम गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारणपणे सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. प्रोग्रामिंगच्या काही कोर्सना वेगळे नियम असतात, ते कोर्सच्या पानावर वाचा.

तुमच्या तिन्ही शिफ्टचं चक्र तीन आठवड्यांत पूर्ण होतं, म्हणजे १२ आठवड्यांत थर्ड येणार चारदा. सोडून देता येणाऱ्या असाइनमेंटही चारच! थर्डच्या आठवड्यात गुण बुडाले तर घाबरू नका. पण सूट फक्त गुणांची आहे, विषयाची नाही. फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) समजलं नाही तर पुढे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) कळणार नाही. बरेच कोर्स पुन्हा पुन्हा चालवले जातात आणि जुनी व्याख्यानं यूट्यूबवर असतात. तुमच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पुढच्या आठवड्याचे दोन व्हिडिओ आधीच बघून ठेवा. थर्डमध्ये नवीन काही घेऊ नका, जुनी उदाहरणं पुन्हा लिहा.

असाइनमेंटची मुदत बहुतेकदा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. तुमची सुट्टी गुरुवारी, म्हणजे "सुट्टीत करू" म्हटलेली प्रत्येक असाइनमेंट बुडणार. गुरुवार नव्या धड्याला द्या आणि असाइनमेंट सोमवारीच जमा करा. मुदतीआधी पुन्हा जमा करता येते, शेवटची नोंद धरली जाते.

कोर्सची नोंदणी मोफत असली तरी परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, शुल्क ₹१०००. अनेकांचं इथेच चुकतं. परीक्षा बहुतेकदा शनिवार-रविवारी असते, तुमच्या कामाच्या दिवशी. तारीख कळताच रजा टाका, थर्ड येत असेल तर शिफ्ट बदलून मागा.

तीनपाळी
चार-चारचा हिशोब लक्षातच आला नव्हता. फार आभार. अजून दोन शंका. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, असाइनमेंटला बसलो की कोरी पाटी. आणि घरी लॅपटॉप एकच, बऱ्याचदा मुलीकडे असतो.

कोरडवाहू
पहिली शंका महत्त्वाची आहे. शिस्त तुटण्याचं खरं कारण मला तिथेच दिसतं. तास घालवूनही प्रश्न सुटत नाही, मग मन पुढच्या वेळी टाळाटाळ करतं. त्याला आळस म्हणू नका.

व्हिडिओ पुन्हा बघितला की ओळखीचा वाटतो, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा असं करा:

१. शिक्षकाने प्रश्न मांडला की व्हिडिओ थांबवा. ५ मिनिटं स्वतः लिहा, चुकलं तरी चालेल.
२. उत्तर बघून झालं की व्हिडिओ बंद करून कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहा.
३. तोच प्रोग्राम दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने, न बघता.
४. अडलात तर २० मिनिटांची मर्यादा. मग कोर्सच्या चर्चामंचावर विचारा: काय अपेक्षित होतं, काय आलं, एररची पूर्ण ओळ. एआयकडून तयार कोड घेऊ नका, फक्त एररचा अर्थ विचारा.

लॅपटॉप नसेल तेव्हा वहीत ड्राय रन करा, म्हणजे कोड न चालवता एकेक ओळ हाताने सोडवत जा. प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत साठवणारं नाव) एक रकाना, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) प्रत्येक फेरीला एक ओळ. पायथनमध्ये range(1, 10) दिली की लूप ९ लाच संपतो, ही चूक वहीत लगेच दिसते. छोटे प्रोग्राम मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅबवर (ऑनलाइन पायथन चालवायची सोय) चालतात, पण कोडमधली इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, सांभाळा. दुसरीकडून चिकटवलेल्या कोडमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले की पायथन एरर देतो.

भीमथडी
खंड पडल्यावरचं राहिलं. बुडालेला तास दुसऱ्या दिवसावर चढवू नका, दोनाचे तीन होतात आणि मग कोर्सच सुटतो. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी फक्त १० मिनिटं बसा, एक जुना प्रोग्राम लिहा. मागे राहिलेले व्हिडिओ गुरुवारी, तेही जास्तीत जास्त दोन.

कॅलेंडरवर अभ्यासाचे तास न लिहिता बसल्याची वेळ लिहा: ५:०५, ५:४०, ५:५५. वेळ सरकत चालली की दोन-तीन दिवसांतच दिसतं. उठताना वहीत पुढचं काम नेमकं लिहा. "लूप करणे" असं नको, "रिपोर्टच्या फाइलमधून नापास नगांच्या ओळी वेगळ्या काढणे" असं हवं. आणि हो, सरावाला तुमचाच एक्सेलचा नमुना घ्या, पण कंपनीचा खरा डेटा बाहेर आणू नका, आकडे बदलून घ्या.

तीनपाळी
शिफ्टचा तक्ता आजच लावतो. सध्या सेकंड चालू आहे, उद्या ९:३० ला फंक्शनचे दोन व्हिडिओ घेतो. ड्राय रनमध्ये अडलो तर वहीचा फोटो इथेच टाकतो.