स्वयंसेवकांना शोध-सुटकेचा सराव खऱ्या आगीत द्यावा का?

धूरवाट
आमच्या स्वयंसेवी अग्निशमन तुकडीत घाट घातला जातोय की शोध-सुटकेचा सराव यापुढे फक्त कृत्रिम धुरात घ्यायचा. मला हे पटत नाही. तो धूर थंड असतो. त्यात माणूस उभ्याने चालतो आणि तीच सवय लागते. खऱ्या आगीत छताखालची उष्णता तुम्हाला मुकाट गुडघ्यांवर आणते. फ्लॅशओव्हरच्या, म्हणजे खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं त्या क्षणाच्या सुमारास छताजवळ ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. त्याआधी धूर कसा काळाकुट्ट होतो, कसा झपाझप खाली उतरतो, हे चित्रफितीत पाहून अंगवळणी पडत नाही. स्वयंसेवकाच्या वाट्याला आगी मुळातच कमी येतात. त्याने हा पहिला धडा कुणाच्या जळत्या घरात गिरवायचा का?

डावीभिंत
साफ असहमत. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलला अशाच सरावात १९ वर्षांचा स्वयंसेवक गेला. पडीक घर, वरच्या मजल्यावर ‘अडकलेला माणूस’ म्हणून त्यालाच ठेवलेला, खाली फोमची गादी पेटली आणि आग आवरेना. खऱ्या आगीत जायची त्याची ती पहिलीच वेळ होती. सराव घेणारा अधिकारी पुढे कोर्टात दोषी ठरला, पण पोरगा गेला तो गेलाच.

शोध फसतो तो दिशा हरवल्यामुळे. एक हात भिंतीला, दुसऱ्याने पलंगाखाली, दारामागे चाचपायचं, जोडीदाराशी बोलत राहायचं, आपण किती दारं मागे टाकली ते लक्षात ठेवायचं. मास्कची काच झाकून रिकाम्या इमारतीत हे शंभरदा घोटून घेता येतं.

धूरवाट
पण तिथे नियम धाब्यावर बसवले होते! खऱ्या आगीतल्या सरावासाठीचं एनएफपीए १४०३ हे अमेरिकी मानक १९८६ मध्येच आलं होतं. जिवंत माणसाला अडकलेला म्हणून ठेवायचं नाही, पुतळा वापरायचा, हे त्यात स्पष्ट आहे. नियम मोडून झालेला मृत्यू हा नियम पाळून घेतलेल्या सरावाविरुद्धचा पुरावा कसा?

नवशिकी
मी सहा महिने डोळे झाकून सराव केला, मग पहिल्यांदा बर्न कंटेनरमध्ये, म्हणजे सरावासाठी आत खरी आग लावतात त्या लोखंडी कंटेनरमध्ये गेले. ३० मिनिटांचा म्हणतात तो हवेचा सिलिंडर पंधराव्या मिनिटालाच हवा संपत आल्याची शिट्टी वाजवायला लागला. थंड धुरात इतक्या लवकर कधी वाजली नव्हती. घाबरल्यावर आपण किती हवा ओढतो, ते मला त्या दिवशी कळलं. पण आधीचे सहा महिने नसते, तर शिट्टी ऐकून मी दाराच्या उलट दिशेला गेले असते, हेही खरं.

डावीभिंत
ताई, तुमचा क्रम योग्यच आहे. आमच्याकडे मात्र हौसेपोटी तो उलटा होतो. आणखी एक. अग्निशमनाच्या कामात घातक घटकांशी येणारा संपर्क कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २०२२ मध्ये जाहीर केलं. सरावाचा धूरही धूरच. प्रशिक्षक तर एकाच दिवसात चार-चार तुकड्यांबरोबर आत जातो. निदान एवढं तरी ठरवा: काच झाकलेली असताना ज्याला मेडे (रेडिओवरून ‘मी संकटात आहे’ अशी हाक) देऊन आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही, त्याला आगीत पाठवायचं नाही.

धूरवाट
हे मान्य. पुढच्या बैठकीत तुमच्याच शब्दांत मांडतो. प्रशिक्षकांच्या पाळ्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, तोही मांडेन. खऱ्या आगीचा आग्रह मात्र सोडत नाही.