निर्यातीची द्राक्षे आणि भूजल: हा विकास शाश्वत म्हणता येईल का?

प्रश्न
नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरी भागातून युरोपात जाणारी द्राक्षे हे जागतिकीकरणाच्या यशाचे उदाहरण मानले जाते. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ नये, ही शाश्वत विकासाविषयीच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातील (संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अहवाल) अट मात्र या व्यापारात पाळली जाते का?

प्रतिसाद 1
फवारणीच्या औषधांच्या बाबतीत बऱ्याच अंशी पाळली जाते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली आणि त्याची झळ थेट बागायतदारांना बसली. आज अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत प्लॉटची नोंदणी आणि काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी झाल्याशिवाय माल युरोपात जात नाही. त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांतील अंतर काटेकोरपणे पाळावे लागते. केवळ सरकारी परिपत्रकांनी ही शिस्त इतक्या लवकर लागली असती, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद 2
ही शिस्त फळापुरती आहे. प्रमाणपत्रासाठी पाण्याविषयीही विचारणा होते, पण ती एका बागेपुरती, आणि भूजल तर साऱ्या शिवाराचे सामायिक असते. ठिबकमुळे एकरी पाणी वाचते हे खरे. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी लागवड झाली, तर एकूण उपसा कमी होत नाही. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे वाहते पाणी साठवण्यासाठी असलेले तळे विहिरीतून उपसून भरले आणि त्याला प्लॅस्टिकचे अस्तर असले, तर ते पाणी पुन्हा जमिनीत मुरत नाही, उन्हात मात्र उडत राहते, आणि शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आधी आटते.

प्रश्नकर्ता
मग निर्यातच आवरती घ्यावी, असे आपले म्हणणे आहे का?

प्रतिसाद 2
नाही. देशी बाजारात विकले जाणारे द्राक्षही तेच पाणी पिते. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली आणि सिंचनासाठी विंधनविहिरींवर बंदी घातली. एवढी एकजूट मोठ्या बागायती गावांत होणे अवघड आहे, कारण तिथे बागेवर कर्ज असते. तरीही प्लॉटची नोंद आधीच होत असल्याने त्याच नोंदीला विहीर, तळे आणि उपसा यांची माहिती जोडता येईल. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रातील उपशावर नियंत्रण आणण्याची तरतूदही आहे.